तपशील पुरवला आहे

सिंगापुरात राहून मी आयर्लंडमधल्या गटारांवर पोट भरते, असं सांगितलं की पुण्यातले नातेवाईक आधी हसायचे आणि मग काळजीत पडायचे. एवढी शिकलेली मुलगी, परदेशात नेली आणि हे कसलं काम लावलं, असा एकंदर सूर. पण गोष्ट खरी होती. बुओना व्हिस्टाला एका काचेच्या इमारतीत आमची छोटीशी कंपनी होती. निरनिराळ्या देशांच्या संसदांत काय बोललं जातं ते वाचायचं, त्यातलं कामाचं वेचायचं आणि औषधवाल्या, विमेवाल्या, फोनवाल्या बड्या कंपन्यांना रोज गोषवारा पाठवायचा, हा धंदा. माझ्या वाट्याला आयर्लंड आलं होतं. तिथली संसद उठते तेव्हा आमच्याकडे पहाट होत असते. त्यांनी बोलून झोपायचं, मी वाचून काढायचं, आणि ते चहा घ्यायला बसेपर्यंत गोषवारा टेबलावर हजर. ज्या देशात मी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथल्या कुठल्या खेड्यात पाण्याचा पाइप फुटला आहे हे मला माहीत असायचं. आमच्या स्वतःच्या बेसिनचा नळ कधीपासून गळत होता, ते मात्र विचारू नका.

तिथे एक खासदारबाई होत्या. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, त्या काही जगप्रसिद्ध वगैरे नव्हत्या. बाकीचे सभासद देशाचं अर्थकारण, युरोपचं भवितव्य असल्या भारदस्त विषयांवर प्रश्न विचारायचे. बाईंना असलं काही सुचायचंच नाही. अमुक गावचं पोस्ट बंद का करताय? तमुक शाळेची बस त्या वळणावर का थांबत नाही? शाळेच्या छपराखाली अजून बादली ठेवावी लागते, हे मंत्रिमहोदयांना ठाऊक आहे का? एकदा तर मेंढ्यांच्या मागे लागणाऱ्या मोकाट कुत्र्यांवर त्यांनी लेखी प्रश्न दिला होता. संसद ही मोठमोठ्या गोष्टी बोलून घरी जायची जागा आहे, हे बाईंना कुणी समजावलंच नव्हतं बहुतेक. चर्चेत त्यांना शेवटची दोन-चार मिनिटं मिळायची, तीही दुसऱ्या कुणाशी वाटून घेतलेली. विषय कुठलाही असो, आरोग्य, शेती, नाहीतर इंटरनेट, बाई फिरून त्या पोस्टावर यायच्या. माझी साहेबीण म्हणायची, तिला गाळ, आपल्या ग्राहकांना त्यात काही रस नाही. मी गोषवाऱ्यातून गाळायची, पण वाचायची मात्र सगळ्यांत आधी.

उत्तरं तर काय वर्णावीत! 'सदर बाब सेवेसंबंधीची असल्याने आरोग्य यंत्रणेकडे पाठवण्यात आली असून, यंत्रणा माननीय सभासदांना थेट उत्तर देईल.' बस. मंत्री मोकळे. तोंडाला पानं पुसण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. इतक्या दूर, थंडीवाऱ्यातही ती तितक्याच जोमाने वाढलेली बघून आपुलकी वाटली.

आता सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही बाबांना पुण्याहून सिंगापुरात, पासिर रिसला आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. बाबा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, आणि त्यांची बहुतेक हयात तारांकित प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात गेली होती. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विधानसभेत आमदार प्रश्न देतो. प्रश्नाचा साचा ठरलेला. एक, अमुक गावी अमुक भानगड झाली, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? तीन, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हा प्रश्न मंत्र्याकडून खाली खाली घरंगळत बाबांच्या टेबलावर यायचा, आणि बाबा उत्तराचा मसुदा करायचे. 'हे अंशतः खरे आहे.' 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' आणि सगळ्यांत लाडकं, 'प्रश्न उद्भवत नाही.' बाबा अभिमानाने सांगायचे की त्यांच्या हातून 'होय, हे खरे आहे' असं सरळ उत्तर फारसं कधी गेलंच नाही. होय म्हटलं की पुढचे दोन प्रश्न बोकांडी बसतात.

निवृत्तीनंतर माणूस खुर्ची सोडतो, सवय थोडीच सोडतो!

"बाबा, गोळ्या घेतल्या?"

"हे अंशतः खरे आहे."

म्हणजे दोनातली एक घेतली. गॅस चालू राहिला, तर 'अशी बाब निदर्शनास आलेली नाही'. माझ्या लेकीने फ्रिजमधलं आइस्क्रीम कुणी संपवलं असं विचारलं, तर चौकशी सुरू आहे. "ही नेव्हर आन्सर वन लाह," असं ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला तक्रारीच्या सुरात सांगायची. नवऱ्याला मात्र वडिलांची ही पद्धत भलतीच सोयीची होती. तो आयटी मॅनेजर. कानात हेडफोन जन्मजात असावा असा. बाबांचं उत्तर ऐकलं की पुढे काही करायचं उरत नाही, हे त्याच्या फार लवकर लक्षात आलं होतं.

एकदा जेवताना मी सहज खासदारबाईंच्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"मंत्र्याने काय उत्तर दिलं?"

मी मोबाइलवर काढून वाचून दाखवलं, तिथल्या तिथे मराठी करून. बाबा डोळे मिटून ऐकत होते, गवई दुसऱ्या गवयाची तान ऐकतो तसे.

"मसुदा कच्चा आहे," ते म्हणाले. "स्थानिक प्राधिकरणाला कळवले आहे, असं कशाला लिहायचं? आता ती बाई विचारणार, कधी कळवलं. तारीख मागणार. नवशिक्या दिसतोय कुणीतरी."

पुढच्याच आठवड्यात बाईंनी तारीख मागितली! मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो नातीच्या गॅदरिंगलाही पसरला नव्हता. तेव्हापासून आमचं रोजचं ठरून गेलं. मी ऑफिसातून यायची, चहा व्हायचा, आणि बाबा म्हणायचे, "हं, सभागृह सुरू करा." पासिर रिसच्या त्या हॉलमध्ये, समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत असताना, आयर्लंडचं आरोग्य खातं रोज धारेवर धरलं जायचं.

मी सुरुवातीला त्यांच्यासाठी प्रिंट काढून आणायची. ते कागद हातात घ्यायचे आणि परत माझ्याकडे द्यायचे. "तूच वाच. तुझं वाचन चांगलं आहे." लग्नाला इतकी वर्षं होऊन सासरकडून मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. मी फुगून गेले. आवाजात चढउतार वगैरे आणून वाचायला लागले.

त्याच सुमारास बाईंचा एक प्रश्न आला, साधासा. 'एका व्यक्तीला (तपशील पुरवला आहे) नेत्र विभागात तपासणीची तारीख केव्हा मिळेल?' बाबा म्हणाले, थांब. हे कंसात काय आहे? मी समजावलं. तिथे खासदार एखाद्या माणसाचं गाऱ्हाणं मांडतात तेव्हा त्याचं नाव छापत नाहीत. नावगाव मंत्र्याला वेगळं कळवतात. छापलेल्या प्रश्नात तो नुसता 'एक व्यक्ती'.

"म्हणजे कुणालाच कळत नाही, कोण ते?"

"मंत्र्याच्या खात्याला कळतं. बाकी कुणाला नाही. शेजाऱ्याला नाही, घरच्यांनाही नाही."

बाबा म्हणाले, "फार सभ्य पद्धत आहे." आमच्याकडे असं असतं तर अर्ध्या महाराष्ट्राने प्रश्न विचारले असते, असंही म्हणाले. त्यांच्या तोंडून शासनाच्या बाहेरच्या कुणाची स्तुती मी तेव्हाच ऐकली.

त्या व्यक्तीने बाबांना झपाटलं. बाकीचे विषय मागे पडले. पोस्ट बंद पडो, बस न थांबो, मी चहाचा कप पुढे केला की पहिला प्रश्न, "आपल्या त्या तपशीलवाल्याचं काय झालं?" मंत्र्याचं उत्तर नेहमीचंच, यंत्रणा थेट कळवेल. यंत्रणा काही कळवायची नाही. बाई पुन्हा विचारायच्या, शब्द तेच, चिकाटी तीच. बाईंनी पिच्छा सोडला नाही आणि बाबांनी माझा.

"डोळ्याचं नक्की काय आहे त्याच्या? मोतीबिंदू की काचबिंदू?"

"ते नाही लिहिलेलं, बाबा."

"काचबिंदू असला तर थांबून चालत नाही म्हणतात."

"असेल. मी काय डॉक्टर आहे?"

"नाही, नुसतं विचारलं," बाबा म्हणाले.

मला आपलं वाटलं, जुना कारकुनी किडा वळवळतोय. फाइल निकाली निघाल्याशिवाय यांना चैन पडत नाही. शेजारच्या ब्लॉकमधल्या मराठी बँकरीणबाईंना मी कौतुकाने सांगायची सुद्धा, आमचे बाबा या वयात परक्या देशाच्या आरोग्य धोरणाचा किती खोलात जाऊन विचार करतात. डोंबल! पण मला तेव्हा स्वतःच्या हुशारीची खात्री होती.

बाकी गमतीजमती चालूच होत्या. बाबांनी पेपर वाचणं सोडलं. म्हणाले, इथल्या पेपरात काही नसतं. त्यावर आमचं एकमत असल्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. रविवारी आम्ही लिटिल इंडियात वाणसामानाला जायचो. तिथल्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात, जिथे मुंगीलाही आडवं व्हावं लागतं, बाबा डावीकडच्या स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीवर आदळले. डबे गडगडत पार साड्यांच्या विभागापर्यंत गेले. मी आणि लेक गुडघ्यांवर बसून गोळा करतोय, आणि बाबा ताठ उभे राहून म्हणतात, "मांडणी सदोष आहे." पूर्वी भेंडीचं एकेक टोक मोडून घेणारा माणूस आता भाजी नुसती चाचपून पिशवीत टाकायचा. घरात चालताना डावा हात भिंतीवर असायचा. मी नवऱ्याला म्हटलं, बाबांच्या चष्म्याचा नंबर बदलला असेल का रे? त्याने एका कानातला हेडफोन काढून विचारलं, "बाबा, चष्म्याचं बघायचं का?"

"त्याबाबत विचार सुरू आहे," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं निश्चिंत झालो. सरकारच विचार करतंय म्हटल्यावर जनतेने आणखी काय करायचं? तेवढ्यात नवऱ्याला दुसरं आठवलं. बाबांचा राहण्याचा पास संपत आला होता, तो वाढवून घ्यायचा होता. "या वेळी बहुतेक मेडिकल करावं लागेल हं, बाबा," असं म्हणून त्याने हेडफोन परत कानात घातला. बाबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी सभागृह सुरू करा असं म्हटलं नाही. म्हणाले, आज तहकूब.

आमच्या ब्लॉकचा तळमजला, इथल्या सगळ्याच सरकारी इमारतींसारखा, मोकळा होता. नुसते खांब आणि दगडी बाकं. तिथे आठवड्यातून एका संध्याकाळी भागातले खासदार येऊन बसायचे. लोक नंबर घ्यायचे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर थांबायचे, कार्यकर्ते लॅपटॉपवर गाऱ्हाणं उतरवून घ्यायचे, आणि खासदार संबंधित खात्याला पत्र द्यायचे. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

"खासदार? प्लास्टिकच्या खुर्चीत? हार नाही, गाडीला दिवा नाही?"

"नाही."

"मग लोकांना कळतं कसं?"

हा प्रश्न मोठा होता. मग ते दर आठवड्याला खाली जाऊन लांबच्या बाकावर बसायला लागले, पाहणी करायला. सरकारी माणसाचा अभ्यास दौरा तो. त्यातून काही निष्पन्न होणार नाही हे मी धरूनच चालले होते.

आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर घरात बाबा नाहीत. नवरा कामासाठी जकार्ताला गेला होता. लेक गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा डाऊनस्टेअर्स लाह. ही टुक अ नंबर."

आम्ही इथे पासवर राहणारी माणसं. मतदार नाही, नागरिक नाही. पासचा अर्ज तोंडावर आलेला. आणि आमचे सासरे खासदाराकडे गाऱ्हाणं घेऊन गेलेत! कशाचं? नळाचं? माझं? लिफ्ट येईना म्हणून मी जिन्याने उतरले, चपला हातात घ्यायच्याच बाकी होत्या.

बाबा पहिल्या रांगेत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केस पाणी लावून बसवलेले. मंत्रालयात सचिवांपुढे जाताना ते असेच जात असणार. समोर लॅपटॉप घेऊन एक चिनी मावशी बसल्या होत्या, माझ्याहून वयाने मोठ्या, आणि त्यांचा चेहरा पार मेटाकुटीला आलेला. मी सून आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं.

"तुमचे सासरे म्हणतात, एका व्यक्तीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ हवी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी विचारते, कुठली व्यक्ती? ते म्हणतात, तपशील नंतर पुरवला जाईल. मी म्हणते, नाव तरी सांगा. ते म्हणतात, नाव खासदारांनाच सांगणार, छापायचं नाही. आणि त्या व्यक्तीच्या घरी कळवायचं नाही. हे खासदार त्यांच्यासाठी पार्लमेंटमध्ये विचारतील का, असं विचारतायत."

मी हसायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आयर्लंडची पद्धत माणसाने पासिर रिसच्या खांबांमध्ये आणून मांडली होती, यापुढे मी रचलेली कुठलीही थट्टा फिकी होती. मग मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण मी उभी होते तिथे नाही. माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर, जिथे नुसता खांब होता.

"सूनबाई आल्या का?" त्यांनी त्या खांबाला विचारलं.

मला रडू फुटलं. तिथेच, त्या मावशींसमोर, नंबर घेऊन बसलेल्या सगळ्या लोकांसमोर. मावशींनी कागदी रुमाल काढून दिला आणि लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, तुम्ही आधी घरात बोला, मग या, नंबर मी ठेवते. गोड बाई होती, मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

मी बाबांना हाताला धरून लांबच्या बाकावर नेलं. आता यांना काय आणि कसं विचारायचं? डोळ्याला काय झालंय म्हटलं तर माहिती संकलित होणार. दिसतंय ना म्हटलं तर अंशतः खरं होणार. इतके महिने मी रोज वाचत आले होते की त्या बाई कशा विचारतात. घोळ नाही, शोभा नाही, एक माणूस आणि त्याचा एक डोळा. मी नाक पुसलं आणि म्हणाले, "बाबा, तारांकित प्रश्न."

ते सावरून बसले. सवय.

"प्रश्न एक. बाबांना डाव्या डोळ्याने दिसत नाही, हे खरे आहे काय?"

वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बाबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं.

"होय," ते म्हणाले. "हे खरे आहे."

"प्रश्न दोन. उजव्या डोळ्याने नीट दिसतं काय?"

"अंश..." ते थांबले. "नाही. ओळीचा शेवट दिसत नाही. माणूस बाजूने आला की एकदम अंगावर आल्यासारखा होतो. तू वाचतेस तेव्हा बरं वाटतं."

"प्रश्न तीन. विलंबाची कारणे काय आहेत?"

त्यावर मात्र बाबा परत कक्ष अधिकारी झाले. "प्रश्न उद्भवत नाही," म्हणाले, आणि उठून भिंत शोधायला लागले.

मी रात्रीच्या जेवणाआधी जकार्ताला फोन लावला. नवरा म्हणाला, उद्याच्या उद्या घेऊन जा, मी पहिल्या विमानाने येतो.

डॉक्टर तरुण होता, आणि खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. काचबिंदू. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्यात उरली आहे ती नजर राखता येईल, रोज थेंब घालावे लागतील, जन्मभर, एक दिवसही न चुकता. निदान वर्षभर आधी आला असतात, तर डाव्यातलीही बरीच वाचली असती, असं म्हणून तो बाबांच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी त्याचे आभार मानले. त्याच्या टेबलाची कड चाचपून उठले आणि दाराऐवजी कपाटाकडे निघाले. मी त्यांचं कोपर धरून वळवलं.

टॅक्सीत आम्ही मागे बसलो होतो. बाजूने समुद्राकडची झाडं पळत होती. बाबांच्या शर्टाच्या खिशात आता पेनाशेजारी थेंबांची बाटली होती. बरंच अंतर गेल्यावर ते स्वतःहून बोलले.

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं."

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"इथे यायच्या आधीपासूनच कमी दिसत होतं. वाटलं, वय आहे. पण आल्यावर कळलं की पासला मेडिकल लागतं. सरकारी नोकरीत लागताना आमचंही झालं होतं मेडिकल. डोळ्यांपाशीच तर घोडं पेंड खायचं. माझ्या बरोबरचा एकजण तक्त्यावरची अक्षरं वाचता आली नाहीत म्हणून परत गेला. मी म्हटलं, डॉक्टरकडे गेलो की कागदावर येणार. कागदावर आलं की मेडिकलला कळणार. पास मिळणार नाही. मग पुण्याचा फ्लॅट आणि मी. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं, गं. तिथे एकटा कसा राहू? मी तो तक्ता पाठ करायचा विचार करत होतो. मोबाइलवर नातीकडून वाचून घ्यायचा. मेडिकल झालं की मग दाखवणार होतो डोळे. पण उजवाही जायला लागला, तेव्हा वाटलं, त्या तपशीलवाल्यासारखी नाव न छापता कुणी वेळ मिळवून दिली तर बरं."

मला त्या मेडिकलमध्ये काय असतं ते ठाऊक होतं. आमचं झालं होतं, ओळखीच्या सगळ्यांच्या आईवडिलांचं झालं होतं. कुणी बाबांना सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"बाबा," मी म्हणाले, "त्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढतात आणि रक्त घेतात. बस. डोळे तपासतच नाहीत."

ते माझ्याकडे वळले, या वेळी बरोबर माझ्याकडे, कारण मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. ज्या माणसाने आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांकडून घेतला आणि टोलवला, त्याने तो पहिल्यांदाच विचारला.

"हे खरे आहे काय?"

अंशतः म्हणावं असं फार वाटलं. माहिती घेते म्हणावं, चौकशी करून कळवते म्हणावं. इतकी सुंदर वाक्यं आहेत आपल्याकडे, आणि त्यातली बरीचशी त्यांचीच.

"होय, बाबा," मी म्हणाले. "हे खरे आहे."

बाबांनी मान हलवली. मग खिशातून ती थेंबांची बाटली काढली, अंगठ्याने तिच्यावरची चिठ्ठी चाचपली आणि माझ्या हातात दिली.

"काय लिहिलंय," ते म्हणाले, "वाच."